कल्याण केंद्राचं कुलूप काढा

आमच्या इमारतीची लिफ्ट त्या दिवशी चालू असती तर मला काही कळलंच नसतं. भाजीची पिशवी घेऊन मी चौथ्या मजल्यावर दम खायला थांबले होते. वरून सातव्या मजल्यावरची वहिनी उतरत आली आणि माझ्याशेजारी पायरीवर टेकली. आधी पाण्याच्या वेळेबद्दल बोलली, मग लिफ्टच्या दुरुस्तीच्या वर्गणीबद्दल. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "बाई, तुमच्या हाताखाली शिकलेला ना आमचा तो... तो पावडर घेतो."

तिला हे अकरा महिने माहीत होतं. नवऱ्याला तिने अर्धंच सांगितलं होतं, सख्ख्या बहिणीला मुळीच नाही. मी विचारलं, "अगं, इतके दिवस बोलली का नाहीस?" तर म्हणाली, "कुठे बोलू?"

मी 'कोणाशी' असं ऐकायची तयारी ठेवली होती. ती 'कुठे' म्हणाली. घर 225 चौरस फुटांचं. त्यात सासू, नवरा, दोन मुलं. फोनवर हळू बोललं तरी भिंतीपलीकडे ऐकू जातं. पॅसेजमध्ये बोलावं तर समोरचं दार किलकिलं. देवळात माणसं, मार्केटमध्ये माणसं. शेवटी तिला सापडला तो बंद लिफ्टमुळे सुना पडलेला जिना.

त्याच जिन्याच्या खाली, तळमजल्यावर, एक खोली आहे. दारावर निळ्या रंगात लिहिलंय 'कल्याण केंद्र'. त्याला कुलूप आहे. हा लेख त्या कुलपाबद्दल आहे.

बाहेरच्या माणसाला दिंडोशी म्हटलं की न्यायालय आठवतं, नाहीतर फिल्मसिटीचा रस्ता, आता मेट्रोचं स्टेशन. पेपरात रोज 'दिंडोशी सत्र न्यायालयाने' अशी बातमी असते, त्यामुळे आमचं नाव सतत कुठल्या ना कुठल्या आरोपीशेजारी छापून येतं. आम्हाला मात्र दिंडोशी म्हणजे मृणालताई गोरे आणि बाबुराव सामंत यांची नागरी निवारा परिषद आठवते. 1976च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्यातली जमीन सामान्य माणसाच्या घरांसाठी मिळावी म्हणून लोक वर्षानुवर्षं भांडले, कोर्टात गेले, आणि या टेकडीवर हजारो कुटुंबांची घरं उभी राहिली. त्याआधी 1972मध्ये महागाईविरुद्ध बायकांनी थाळ्यांवर लाटणी बडवत मोर्चे काढले, त्यातही मृणालताई पुढे होत्या. पाण्यासाठी एवढ्या लढल्या की लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणू लागले. पाणी नाही हे सांगायची कुणाला लाज वाटली नाही. हंडे घेऊन बाया रस्त्यावर आल्या. आज त्याच वस्त्यांमध्ये, कुरारमध्ये, आप्पापाड्यात, संतोषनगरात आणि आमच्या टॉवरमध्ये, किती घरांत आई रात्री पाकीट उशाखाली घेऊन झोपते, ते मोजायला कोणी तयार नाही. कारण व्यसनाचा प्रश्न प्रत्येकाला आपल्या एकट्याच्या घरातला वाटतो.

मी महापालिकेच्या शाळेत सव्वीस वर्षं शिकवलं. तो मुलगा चौथीत माझ्या वर्गात होता. अक्षर सुंदर, कबड्डीत चपळ. विशीत आल्यावर तो एकदा माझ्याकडे क्लासची फी कमी पडतेय म्हणून पाचशे रुपये मागायला आला. मी दिले. महिन्याभराने मोबाइल चोरीला गेला म्हणून आला. दिले. तिसऱ्यांदा मित्राच्या आईचं ऑपरेशन. तेव्हाही दिले, आणि वर 'किती गुणी मुलगा, दुसऱ्यासाठी धावतो' असं त्याच्या आईला सांगूनही आले. तिचा चेहरा तेव्हा का उतरला, ते मला जिन्यावर कळलं.

म्हणून आधी ओळखण्याबद्दल लिहिते. मुलं नशा करतात हे आपल्याला सिनेमातून माहीत असतं. डोळे लाल, केस पिंजारलेले, कोपऱ्यात पडलेला गर्दुल्ला. हे चित्र मनात धरून बसलो की आपला इस्त्रीचा शर्ट घालून कामाला जाणारा मुलगा त्यात बसतच नाही. आज मुंबईच्या गल्लीत सगळ्यात जास्त बोलबाला आहे तो एमडीचा, म्हणजे मेफेड्रोनचा. पोरं त्याला 'म्याव म्याव' म्हणतात. ही पावडर सुरुवातीला माणसाला तरतरीत करते. मुलगा दोन-दोन रात्री जागा, खूप बोलतोय, घर आवरतोय, भूक नाही म्हणतोय. आईला वाटतं, चला, सुधारला. मग तो पंधरा-सोळा तास मेल्यासारखा झोपतो. उठतो तेव्हा चिडलेला असतो, नाहीतर रडवेला. दात खातो, जबडा आवळतो, नाक सारखं चोळतो, घोणा फुटतो. गाल बसतात. पुढे संशय सुरू होतो. खिडकीखाली कोणी उभं आहे, आईने फोन तपासला, बहीण पोलिसांशी बोलते.

गर्दचं, म्हणजे ब्राउन शुगरचं, वेगळं. त्यात मुलगा बोलता बोलता पेंगतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, बाथरूममध्ये तासतास लागतो. घरात चॉकलेटची चांदी किंवा जळका फॉइल सापडतो. माल मिळाला नाही की जांभया, नाकातून पाणी, हाडं मोडल्यासारखं अंग दुखणं. नशेकरी लोक याला 'टर्की' म्हणतात. घरचे डेंग्यू समजून रक्त तपासायला नेतात. झोपेच्या गोळ्यांना पोरं 'बटन' म्हणतात. त्यात जीभ जड होते, चाल बदलते. लहान मुलांच्या रुमालाला पंक्चरच्या सोल्युशनचा वास येतो. आणि खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या खोकला नसताना संपतात.

यातलं एखादं लक्षण दिसलं म्हणजे मुलगा व्यसनी असं नाही. विशीतला मुलगा उशिरा झोपतो, चिडतो, दार लावून घेतो. ते वयच तसं. बघायचं असतं ते बदलाकडे. जुने मित्र सुटले का? कबड्डी सुटली का? पैशांचे हिशेब गोष्टींसारखे लांबलचक झाले का? घरातली भांडी, चार्जर, सिलिंडर यांना पाय फुटले का? आणि तो स्वतः 'आजपासून बंद' असं कितव्यांदा म्हणतोय? सोडायचं मनात असूनही सुटत नाही, तिथून पुढे तो हौसेचा मामला राहत नाही, आजार होतो. आजार म्हटलं की नातेवाईक म्हणतात, लाड करताय. पण साखर झालेल्या माणसाला आपण 'मनाचा निग्रह कर आणि साखर उतरव' असं सांगत नाही. आणि खरं सांगू का, मिश्री लावल्याशिवाय सकाळी उठता न येणारी आपली आजी नातवाला 'तुझ्यात इच्छाशक्ती नाही' म्हणते, तेव्हा मला हसू येतं.

एमडीचा हा माल कुठून दूर देशातून येतो अशीही समजूत सोडून द्यावी. साकीनाका पोलिसांनी ऑक्टोबर 2023मध्ये एमडीचा कारखाना पकडला तो नाशिकजवळच्या शिंदे गावात. पुढच्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांना दुसरा सापडला कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत. आपल्याच राज्यातल्या शेडमध्ये बनून तो आपल्याच नाक्यावर येतो. विकणाऱ्यांना पोलिसांनी पकडावं, ते त्यांचं काम. मंडळातल्या तरुणांनी काठ्या घेऊन रात्री फिरू नये, एवढं मी शिक्षिकेच्या अधिकाराने सांगते. मार खातो तो शेवटी घेणाराच. विकणारा कधीच निघून गेलेला असतो.

मग करायचं काय? तर बोलायचं. समुपदेशन हा शब्द जड आहे, त्यामुळे लोकांना वाटतं, कोणीतरी मॅडम मुलाला अर्धा तास उपदेश देणार. उपदेश त्याने आपल्याकडून पुरेसा ऐकलेला असतो. चांगला समुपदेशक विचारतो. पहिल्यांदा कधी घेतली, कोणाबरोबर, त्याने काय मिळालं? 'काय मिळालं' हा प्रश्न ऐकून मुलं दचकतात, कारण घरात तो कोणीच विचारलेला नसतो. कोणाला नोकरी गेल्याची टोचणी काही तास विसरता आली, कोणाला रात्रपाळी रेटता आली, कोणाला मुलींशी बोलताना तोतरेपणा गेला. ती गरज कळली तर दुसरा मार्ग शोधता येतो. मग कुठल्या वेळी, कुठल्या वळणावर तलफ येते, तेव्हा पुढची वीस मिनिटं कशी काढायची, पगाराच्या दिवशी पैसे कोणाकडे ठेवायचे, असे अगदी घरगुती बेत होतात. गर्दसाठी बुप्रेनॉर्फिनसारखी औषधं आहेत. एमडीवर मात्र तलफ मारणारं असं खात्रीचं औषध आजतरी नाही, तिथे मुख्य उपचार हे बोलणंच आहे. दारू किंवा 'बटन' रोज घेणाऱ्याने मात्र बायकोच्या शपथेवर एका रात्रीत बंद करू नये. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जातो. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायचं असतं.

आणि समुपदेशन मुलाच्याही आधी घरच्यांचं सुरू होऊ शकतं. ही गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. मुलगा 'मला काही झालेलं नाही' म्हणून हलत नसला तरी आईने जाऊन बसावं. पैसे कधी द्यायचे नाहीत, तो नशेत असताना भांडायचं का नाही, शुद्धीवर असलेली सकाळ कशी वापरायची, हे शिकता येतं. कधी कधी आई बदलली की महिन्या-दोन महिन्यांनी मुलगाच विचारतो, 'तू बुधवारी जातेस कुठे?'

मराठी माणसाला हे नवीन नाही. ऐंशीच्या दशकात गिरणी संपानंतरच्या मुंबईत गर्द शिरली, तेव्हा डॉ. अनिल अवचट तिथल्या वस्त्यांमधून फिरले आणि त्यांनी लिहिलं. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, त्यांनी एक लाख रुपये देऊ केले, आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झालं. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी ते चालवलं, त्यांच्यानंतर मुक्ता पुणतांबेकर यांनी. तिथे 35 दिवसांचा उपचार असतो, बायकांसाठी 'सहचरी' गट असतो. पण मला त्यातली मोलाची वाटते ती पुढची गोष्ट: पाठपुरावा. मुलगा घरी गेल्यावर त्याला महिनोनमहिने कोणीतरी भेटत राहतं, आणि नशामुक्तीची वर्षं वाढदिवसासारखी साजरी होतात. फादर जो परेरा यांनी 1981मध्ये वांद्र्यात सुरू केलेल्या कृपा फाउंडेशनलाही हीच गोष्ट कळली होती.

कारण पंचाईत घरी परतल्यावरच होते. व्हिएतनाममध्ये हेरॉइनच्या आहारी गेलेल्या अमेरिकन सैनिकांचा अभ्यास ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी केला. मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यातले जेमतेम पाच टक्केच पुन्हा त्या गर्तेत गेले. युद्ध, छावणी, माल देणारी माणसं, सगळं मागे पडलं होतं. आमचा मुलगा परततो तो त्याच नाक्यावर. तोच रिक्षास्टँड, तीच गच्ची, गच्चीच्या टाकीमागचा तोच आडोसा. चाळीत निदान गॅलरी होती. कोणाचा मुलगा किती वाजता आला, डोळे कसे होते, हे चार बायका बघायच्या. चोंबडेपणा होता खरा, पण राखणही होती. टॉवरमध्ये दार लागलं की संपलं.

एक कायदा मात्र प्रत्येक आईला माहीत हवा. उपचाराला नेलं तर पोरगं तुरुंगात जाईल, ही भीती घराघरात आहे. 1985च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातलं कलम 64अ नेमकं याच्या उलट सांगतं. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणात बाळगण्याच्या प्रकरणात सापडलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल आणि ते पूर्ण करत असेल, तर त्याला त्या गुन्ह्याच्या खटल्यातून संरक्षण आहे. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे त्रास मानसिक आजारांतच धरले आहेत. म्हणजे उपचाराचा हक्क आहे, गुप्तता राखली जाण्याचा हक्क आहे, आणि कोणालाही साखळीने बांधायला बंदी आहे. हे सांगायला हवं, कारण ओळखीच्या एका घराने मुलाला रात्री गाडी बोलावून उचलून नेऊ दिलं. कुठल्याशा केंद्रात तीन महिने ठेवला. परत आला तेव्हा पाठीवर वळ होते आणि तो आईशी बोलत नव्हता. आठवड्याभरात पुन्हा सुरू. केंद्रात जाण्याआधी नोंदणी विचारा, डॉक्टर कोण ते विचारा, भेटायला कधी येऊ देता ते विचारा. भेटू देत नसतील तर चपला घालून परत फिरा.

दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि 2019मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांमागे एकालाच काहीतरी उपचार मिळाल्याचं दिसलं. बाकीचे सदतीस कुठे आहेत? माझा अंदाज आहे, ते आणि त्यांच्या आया कुठल्या तरी जिन्यावर बसल्या आहेत.

आता खोलीकडे येते. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींमध्ये घरांबरोबर बालवाडी, कल्याण केंद्र, सोसायटीचं ऑफिस यांच्यासाठी जागा ठेवावी लागते. नव्या नियमावलीत युवा केंद्र, वाचनालय, आरोग्य केंद्र असेही उपयोग सांगितले आहेत. ही जागा कोणी उपकार म्हणून दिलेली नाही, आपल्या हक्काची आहे. दिंडोशी ते आप्पापाडा या पट्ट्यात अशा किती खोल्या आहेत, चालत जाऊन बघा. एकीत गणपतीच्या मखराचे सांगाडे, एकीत दहीहंडीचे दोर आणि मॅट, एकीत कुणाच्या तरी निवडणुकीची उरलेली बॅनरं. आमच्या खोलीत खुर्च्यांची उतरंड आहे आणि एक मोडकी कॅरम. परवा तर ती खोली भाड्याने द्यायची सूचना बैठकीत आली; महिन्याला चार पैसे येतील, लिफ्ट दुरुस्त होईल. सूचना वाईट हेतूने आलेली नव्हती. पण एकदा तिथे कुरियरचं गोडाऊन झालं की पुन्हा ती खोली आपल्याला मिळणार नाही. म्हणून हे लिहिण्याची घाई.

मागणी छोटी आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ, बुधवारची, दोन तास, ती खोली उघडी राहू द्या. सतरंजी, पाण्याचा माठ, चार खुर्च्या. नोंदवही नको, फोटो नको, उद्घाटन तर मुळीच नको. दारावर 'व्यसनमुक्ती' असा फलक लावू नका, नाहीतर कोणी आत पाऊल टाकणार नाही. 'कल्याण केंद्र' हे नाव पुरेसं आहे. समाजकार्य शिकणारे विद्यार्थी निर्मला निकेतन आणि टाटा इन्स्टिट्यूटमधून वस्त्यांत काम करायला बाहेर पडतच असतात. त्यांच्या प्राध्यापकांना पत्र लिहू. व्यसनातून बाहेर पडून पाच-दहा वर्षं झालेली माणसं याच भागात रिक्षा चालवतात, दुकानं चालवतात. त्यांच्यातल्या एकाने शेजारी बसणं शंभर भाषणांपेक्षा उपयोगी. जास्त त्रास असेल त्याला विलेपार्ल्याच्या कूपर रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा केईएमला सोबत घेऊन जाणारं कोणीतरी हवं. सोबत हाच मुख्य मुद्दा आहे. केसपेपरच्या रांगेतून पळून गेलेली मुलं मी बघितली आहेत. आणि ज्यांना खोलीपर्यंतही येववत नाही त्यांच्यासाठी भिंतीवर दोन नंबर मोठ्या अक्षरात लिहू: व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446 आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस 14416. दोन्हींना पैसे पडत नाहीत.

मंडळाच्या कार्यकर्त्यांना माझं खास सांगणं आहे. तुम्ही माझेच विद्यार्थी आहात, त्यामुळे रागावलात तरी चालेल. मखर ठेवायला जागा लागते हे मान्य. गच्चीवर ताडपत्री घालून शेड करू, वर्गणीत माझे हजार रुपये आधी लिहा. तुमच्या गोविंदा पथकात सगळ्यात वरच्या थरावर चढणारा तो मुलगा यंदा सरावाला का आला नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा आधी माहीत होतं. तुम्ही त्याला पथकातून काढलंत. मी त्याला पाचशे रुपये दिले. दोघांनीही त्याला विचारलं नाही.

घरोघरच्या बायकांना सांगते, तुमच्या घरात काही नसलं तरी या. सुरुवातीचे बुधवार आपण नुसत्या निवडायची भाजी घेऊन बसू. ज्यांच्या घरात काही आहे त्यांना मग आत यायला निमित्त मिळेल. कोण कशासाठी आली हे बाहेरून कळायला नको, एवढ्यासाठी आपली गर्दी हवी. मुलींच्या, सुनांच्या व्यसनाबद्दल तर कोणी कुजबुजतही नाही. त्यांना याहून वेगळी आडोशाची वेळ लागेल, तीही ठरवू.

सातव्या मजल्यावरच्या वहिनीला घेऊन मी दोनदा समुपदेशकाकडे जाऊन आले. मुलगा अजून आलेला नाही. एकदा खालपर्यंत आला, रिक्षात बसला आणि सिग्नलला उतरून गेला. वहिनी म्हणाली, "सिग्नलपर्यंत तरी आला."

सोसायटीला अर्ज दिला आहे, त्यावर आतापर्यंत एकोणीस सह्या झाल्या आहेत. किल्ली सेक्रेटरींच्या घरी, टीव्हीच्या वरच्या खिळ्याला आहे. येत्या बुधवारी संध्याकाळी सात वाजता मी सतरंजी घेऊन त्या दारापाशी उभी असेन. कुलूप निघालं तर आत बसू, नाही निघालं तर जिन्यावर.